लाकडाचा पेला : छंद चांगला, पण औषध नव्हे

‘काय ओ डॉक्टर, रविवारी दवाखाना बंद ठेवून नुसतं लाकूड खरवडत बसता म्हणे?’ गेल्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजोबांनी मला विचारले. आरोप खरा आहे. गेली बारा वर्षे दर रविवारी सकाळी दोन-तीन तास मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर लाकूड कातत असतो. त्यातून वाडगे होतात, पेले होतात, कधी नुसताच भुसा होतो. अलीकडे सेवानिवृत्त झालेली बरीच मंडळी ‘आम्हालाही शिकायचंय’ म्हणून विचारू लागली आहेत. त्यांना दवाखान्यात उभ्या-उभ्या जे सांगतो, तेच आज जरा सविस्तर सांगावे असे ठरवले. त्यात माझ्या दोन चुकाही सांगणार आहे. एक माझ्या छातीवर बेतली होती आणि दुसरी माझ्या एका रुग्णाच्या पायावर.

छंद कसा लागला

एका मे महिन्यात वळिवाच्या पावसात दवाखान्यासमोरचा जुना कडुनिंब आडवा झाला. फांद्या जळणाला गेल्या. बुंध्याचे दोन ठोकळे मी आठवण म्हणून ठेवून घेतले. पोळपाट-लाटणी आणि पाळण्याचे खांब कातणारे एक वयस्कर कातारी माझे रुग्ण होते. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, असंच ठेवलंत तर तडकून जाईल. या एकदा दुकानात.’ तिथून सुरुवात झाली.

कातकामाचे तत्त्व सोपे आहे. सुतारकामात लाकूड स्थिर असते आणि हत्यार फिरते. कातकामात लाकूड गरगर फिरते आणि हत्यार आपण स्थिर धरतो. गोल पटाशी आडव्या पट्टीवर टेकवायची, मग हळूच लाकडाला लावायची. ‘आधी टेकवा, मग लावा,’ हे त्या कातारीबाबांचे वाक्य मी शेडच्या दारावर लिहून ठेवले आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही कला जुनी आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे आणि खेळणी अनेकांनी पाहिली असतील. शेजारच्या कर्नाटकात चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, मऊ लाकडाची खेळणी कातली जातात आणि लाकूड फिरत असतानाच त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. आपल्या सोलापुरात तसले मऊ लाकूड मिळत नाही. कमी पावसाचा आपला मुलूख. इथे बाभूळ, कडुनिंब, चिंच, बोर, शिरीष, सुबाभूळ हीच आपली लाकडे, कठीण आणि हट्टी. पण कातल्यावर त्यांचे रंग पाहावेत. बाभळीचा गाभा तांबूस तपकिरी निघतो, चिंचेचा जांभळट काळा.

इथल्या हवेत ओले लाकूड फार लवकर तडकते. म्हणून ओल्या ठोकळ्याचा वाडगा आधी जाडसर कातायचा. त्याच्या रुंदीच्या एक दशांश इतकी भिंत ठेवायची, म्हणजे दहा इंची वाडग्याला एक इंच. मग कागदात गुंडाळून काही महिने सावलीत ठेवायचा. तो वाळताना थोडा वाकडा होतो. नंतर पुन्हा लेथवर चढवून पातळ करायचा. ज्यांना सगळे आजच्या आज हवे असते, त्यांना हा छंद संयम शिकवतो. रक्तदाबाच्या माझ्या निम्म्या रुग्णांना गोळीखालोखाल गरज असते ती त्याचीच.

मनाला काय मिळते?

निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे अवघड असतात. सकाळी उठून जायचे कुठे, हा प्रश्न असतो. झोप उडते, चिडचिड वाढते, सारखी छातीत धडधड जाणवते. तपासण्या सगळ्या ठीक येतात. अशांना मी विचारतो, ‘हाताला काही काम आहे का?’

याबाबत एक मोठा अभ्यास २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन आणि युरोपातील बारा अशा एकूण सोळा देशांतील पासष्टीपुढच्या ९३ हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यात पाहिली होती. ज्यांना काहीतरी छंद होता, त्यांच्यात उदासीनतेची लक्षणे कमी आढळली आणि समाधान जास्त आढळले. अर्थात, छंदामुळे माणूस आनंदी होतो की आनंदी माणसालाच छंद सुचतो, हे अशा अभ्यासातून पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरी माझा स्वतःचा अनुभव आहे की पटाशी लाकडाला लागली की मन दुसरीकडे जाऊच शकत नाही. गेले तर वाडगा फुटतो.

पण छंद म्हणजे उपचार नव्हे. कातकामाने मधुमेह जात नाही, रक्तदाबाची गोळी सुटत नाही. हे वाक्य लक्षात ठेवावे. शेवटी मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

पहिली चूक : माझा रविवारचा खोकला

मी वैद्यकीय शिक्षण घेऊन बाहेर पडलो ते दिवस सोलापूरच्या गिरण्यांच्या पडत्या काळाचे होते. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली, तेव्हापासून शंभर वर्षांहून अधिक काळ हे शहर भोंग्यावर चालले. १९९० च्या दशकात उरलेले भोंगेही थांबत गेले. त्या काळात माझ्याकडे येणाऱ्या गिरणी कामगारांत एक तक्रार हमखास असे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते, पुढे आठवडाभरात थोडे बरे वाटते. हा कापसाच्या धुरळ्याने होणारा ‘बिसिनोसिस’ नावाचा विकार. विड्या वळणाऱ्या भगिनींना तंबाखूच्या धुरळ्याने खोकला येतो, हेही आपल्या पूर्व भागातल्या कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असते. या सगळ्यांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो, ‘तोंडाला फडके बांधा, धुरळा टाळा.’

आणि मी स्वतः काय केले? पत्र्याच्या बंद शेडमध्ये, तोंडाला काहीही न बांधता, वाळलेल्या कडुनिंबाचे वाडगे पॉलिश पेपरने तासन्‌तास घासले. मनात पक्के बसलेले, की कडुनिंब तर औषधी. त्याचा पाला आपण पाडव्याला खातो. त्याच्या धुरळ्याने काय होणार?

दुसऱ्या वर्षी मला रात्री खोकला सुरू झाला. नाक चोंदायचे, डोळे चुरचुरायचे, पहाटे छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज यायचा. मी सोलापूरच्या रस्त्यांवरच्या धुळीला दोष दिला. सहा महिन्यांनी पत्नी म्हणाली, ‘तुमचा खोकला फक्त रविवारी रात्री येतो, हे तुमच्या लक्षात आलंय का?’ आले नव्हते. कामगारांच्या छातीचे वेळापत्रक मांडणारा मी, स्वतःच्या खोकल्याचे वेळापत्रक मांडायला विसरलो होतो.

वाचकहो, ही खूण फार महत्त्वाची आहे. लाकडाच्या धुरळ्याने होणारा दमा पुष्कळदा लगेच दिसत नाही. काम संपल्यावर काही तासांनी, संध्याकाळी किंवा रात्री त्रास सुरू होतो. म्हणून माणूस तो कामाशी जोडतच नाही. खोकला, शिंका, धाप काम केलेल्या दिवशी वाढते का आणि गावाला गेल्यावर कमी होते का, हे वहीत लिहून ठेवावे. ते टिपण डॉक्टरांना दाखवावे. निदान अर्धे तिथेच होते.

धुरळा नेमका काय करतो?

पटाशीने निघणाऱ्या लांब ढलप्या जड असतात, त्या खाली पडतात. त्यांची फारशी भीती नाही. खरा त्रास देतो तो पॉलिश पेपरने निघणारा पिठासारखा धुरळा. त्यातले सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर पाच मायक्रॉनहून लहान कण थेट फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत पोचतात. मोठे कण नाकात अडकतात आणि तिथे दाह करतात.

१९६० च्या दशकात इंग्लंडमधील हाय विकम या फर्निचरच्या गावाभोवतीच्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की एरवी फार क्वचित दिसणारा नाकाच्या आतल्या पोकळीचा एक कर्करोग फर्निचर कामगारांत वारंवार दिसतो आहे. १९६८ साली त्यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुरळ्याचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉसही त्याच गटात आहेत.

इथे घाबरून जाऊ नये. एकाच गटात असणे म्हणजे धोका सारखाच असणे असे नव्हे. हा कर्करोग मुख्यतः वर्षानुवर्षे, दिवसभर, दाट धुरळ्यात काम केलेल्या कामगारांत दिसला. आठवड्याला दोन तास कातणाऱ्याचा धोका त्या मानाने खूपच कमी. पण ॲलर्जी आणि दमा यांना इतका वेळ लागत नाही. एकदा शरीराने एखाद्या लाकडाशी वैर धरले, की पुढे चिमूटभर धुरळाही पुरतो.

मी काय बदलले ते सांगतो.

एक : लाकूड शक्यतो ओले असतानाच बहुतेक कातून घेतो. ओल्या लाकडाचा धुरळा उडत नाही.

दोन : हत्यार धारदार ठेवतो. धार चांगली असेल तर पॉलिश पेपर फार थोडा लागतो. शेवटचे घासणे तेल लावून ओलसरच करतो.

तीन : शेडची दोन्ही दारे उघडी ठेवतो आणि पंखा माझ्या पाठीमागे ठेवतो, म्हणजे धुरळा माझ्यापासून दूर बाहेर जातो.

चार : एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून वापरतो. कोरोनामुळे तो आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. रुमाल, गमछा किंवा ओढणीने मोठा धुरळा अडतो, बारीक अडत नाही. दाढी असेल तर मास्कच्या कडेने हवा शिरते, हेही ध्यानात ठेवावे.

पाच : काम संपल्यावर कोरडा झाडू मारत नाही. ओल्या फडक्याने पुसतो. शेडचे कपडे शेडमध्येच उतरवतो. घरात दम्याचे मूल असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

हे सुरू केल्यावर दोन महिन्यांत माझा रविवारचा खोकला गेला. कडुनिंब मात्र आता कातत नाही. तो पाडव्यालाच बरा.

डोळे, हात आणि पाय

लेथवर अपघात होतो तो क्षणात होतो. लाकडात दडलेली चीर किंवा गाठ असेल तर ठोकळा फुटून उडतो. साधा चष्मा पुरत नाही. संपूर्ण चेहरा झाकणारी पॉलिकार्बोनेटची पारदर्शक ढाल वापरावी. लेथ सुरू करताना ठोकळ्याच्या समोर उभे न राहता बाजूला उभे राहावे आणि वेग सुरुवातीला कमी ठेवावा.

अनेकांना वाटते, हातमोजे घातले की हात सुरक्षित. लेथवर उलटे आहे. फिरते लाकूड मोजा पकडते आणि मोज्यासकट बोटे ओढते. हातमोजे, अंगठी, सैल बाह्या, गळ्यातली माळ, ओढणी, पदर यांपैकी काहीही लेथजवळ नको. भगिनींनी केस घट्ट बांधावेत.

डोळ्यात कण गेला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावे. तरी खुपत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. डोळ्यात काही रुतले असेल तर धुऊ नये, दाबू नये, उपसायला जाऊ नये. वर स्वच्छ वाटीसारखे काही अलगद झाकून थेट रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घेतलेली असावी. तारीख आठवत नसेल तर कातकाम सुरू करण्याआधीच घेऊन टाकावी.

ज्यांना फिट येते, चक्कर येते, झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी लेथला हात लावू नये. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी शेडमध्ये चपला न घालता बंद बूट घालावेत, कारण पायात कूस शिरली तरी अनेकांना कळत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी काम करू नये. आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. सकाळी नऊच्या आत आटोपावे.

लाकूड कोणते घ्यावे, कोणते टाळावे?

झाड तोडून छंद करू नये. शहरातील झाडांसाठी १९७५ चा आणि ग्रामीण भागातील ठरावीक झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड नियंत्रणाचा कायदा आहे. वखारीतले जळाऊ ओंडके किंवा शेतातल्या छाटणीचे लाकूड छंदाला भरपूर होते.

शिसवी दिसायला देखणी, पण तिच्यातील रसायनांनी कातडीवर पुरळ उठू शकते. सागवानानेही काहींना खाज येते. बिब्ब्याचे झाड तर हात लावण्याचेच नाही. त्याच्या तेलाने अंगावर कसे उतते, हे गावाकडे सर्वांना माहीत आहे. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. त्यांचा पेला किंवा चमचाही करू नये. बुरशीने नक्षी पडलेले लाकूड सुंदर दिसते, पण दम्याच्या रुग्णांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

जुन्या वाड्याच्या रंगवलेल्या चौकटी आणि खांब यांबाबत विशेष सूचना. जुन्या तेलरंगात शिसे भरपूर असायचे. घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचा रंग घासून उडालेला धुरळा लहान मुलांच्या मेंदूला घातक असतो. डांबरी तेल पाजलेले रेल्वेचे जुने स्लीपरही वाडग्यासाठी घेऊ नयेत.

वाडग्याला तेल कोणते लावावे, असे सगळे विचारतात. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. करडईचे तेल हवेत हळूहळू सुकून लाकडावर पापुद्रा धरते आणि ते खाण्याचेही आहे. शेंगदाण्याचे तेल सुकत नाही, काही दिवसांनी खवट वास मारते. हार्डवेअरच्या दुकानातल्या ‘उकळलेल्या’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असू शकतात, ते खाण्याच्या भांड्याला नको. आणि तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. सुकणारी तेले सुकताना उष्णता सोडतात आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

असा वाडगा भडंग, शेंगदाणे, फळे यांना छान. त्यात पातळ पदार्थ तासन्‌तास ठेवू नयेत. भिजत न घालता लगेच धुऊन, पुसून सावलीत वाळवावा. तडा गेला की खाण्यासाठी वापरणे बंद करावे. तड्यात अन्न अडकते आणि कुजते.

दुसरी चूक : मास्तरांचा पेला

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती. संबंधितांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो.

माझे एक जुने रुग्ण निवृत्त शिक्षक आहेत. बारा वर्षांचा मधुमेह, पण शिस्तीचा माणूस. दोन गोळ्या, चालणे, पथ्य. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सातच्या आसपास. तीन वर्षांपूर्वी ते एक लाकडाचा ठोकळा घेऊन आले. कोकणातल्या पाहुण्यांनी आणून दिला होता. बिबळ्याचा होता. ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही कातताच आहात, तर मला याचा एक पेला करून द्या. रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी प्यायचं. मधुमेहाला चांगलं असतं म्हणतात.’

बिबळा म्हणजे आयुर्वेदातला असन किंवा बीजक. हिंदीत विजयसार. त्याचे पेले बाजारात विकले जातात. मी म्हटले, ‘मास्तर, करून देतो, पण गोळ्या चालू ठेवा हं.’ ते ‘हो हो’ म्हणाले. मी मन लावून पेला कातला. नाजूक पाय, पातळ काठ. आजवर केलेल्यातला सर्वांत चांगला पेला तो. त्यात पाणी भरले की काही वेळात ते पिवळसर तपकिरी होते आणि उन्हात धरले की कडेला निळी झाक मारते. मास्तरांनी ती झाक नातवंडांना दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली.

त्या निळ्या झाकेने माणसाला भुलवण्याचा इतिहास मोठा आहे. १५६५ साली स्पेनमधील मोनार्देस या वैद्याने मेक्सिकोहून आलेल्या अशाच एका लाकडाविषयी लिहिले. त्याचे पाणी मूत्रपिंडाच्या विकारावर दिले जात असे. पुढे फिलिपीन्समधले, आपल्या बिबळ्याच्याच कुळातले लाकूडही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले आणि त्याचे पेले युरोपात नवलाईची वस्तू ठरले. १६६४ साली रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने त्या पाण्याच्या रंगावर प्रयोग केले. आज आपल्याला कळते, की लाकडातून पाण्यात उतरलेली काही द्रव्ये प्रकाश शोषून निळा प्रकाश परत टाकतात. तो प्रकाशाचा गुण आहे, रोग बरा होत असल्याची खूण नव्हे.

मास्तर पुढे चार महिने आले नाहीत. मला वाटले, बरे असतील. आषाढीला ते पायी पंढरपूरला गेले. परतल्यावर आठवड्याने मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला. उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला होता. तो फुटला, चिघळला आणि काळा पडला होता. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी दाखवले नव्हते. साखरेची सरासरी अकराच्या पुढे. मी विचारले, ‘मास्तर, गोळ्या?’ ते खाली बघत म्हणाले, ‘पेला होता ना ओ. आणि तुम्हीच करून दिला होता. म्हटलं, डॉक्टरच देतायत म्हणजे बरोबर असणार.’

पाय वाचला, करंगळी गेली.

चूक मास्तरांची कमी आणि माझी जास्त. तोंडाने मी ‘गोळ्या चालू ठेवा’ म्हणालो आणि हाताने पेला दिला. रुग्ण डॉक्टरांच्या तोंडापेक्षा हाताकडे पाहतो. शिवाय, महिन्याने साखर तपासायला या, एवढे साधे वाक्यही मी बोललो नाही.

मग बिबळ्यात काहीच नाही का? तसे मी म्हणणार नाही. आयसीएमआरने केलेली त्याच्या अर्काची एक चाचणी १९९८ साली प्रसिद्ध झाली. मधुमेहाचे नव्यानेच निदान झालेल्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. पण नीट वाचा : तो मोजून दिलेला अर्क होता, रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, वरचेवर साखर तपासली जात होती, आणि आपण कोणते औषध देतो-घेतो आहोत हे दोन्ही बाजूंना माहीत असलेली ती खुली चाचणी होती. पेल्यातल्या पाण्यात किती द्रव्य उतरते हे कोणी मोजत नाही. पहिल्या महिन्यात पाणी गडद असते, पुढे फिके होत जाते. बारा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाने त्या चाचणीच्या भरवशावर गोळ्या सोडणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा बूट घालून वारीला निघणे होय.

उलट धोकाही आहे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना असे काही जोडीला घेतले आणि साखर एकदम उतरली, तर घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. म्हणून ज्यांना आयुर्वेदिक औषध घ्यायचे असेल, त्यांनी ते पदवीधर वैद्यांकडून मोजून घ्यावे आणि आपल्या डॉक्टरांना सांगून घ्यावे. चोरून घेऊ नये, आणि चालू औषध मनाने सोडू नये.

लक्षात ठेवावे

माझ्या दोन्ही चुकांचे मूळ एकच होते. झाडाचे आहे, म्हणजे चांगलेच असणार, अशी समजूत. कडुनिंबाचा धुरळा औषधी वाटला आणि बिबळ्याचा पेला निरुपद्रवी वाटला. लाकूड हे लाकूड असते. त्याचा चांगला उपयोग होतो, त्याने अपायही होतो, आणि दोन्ही मात्रेवर ठरते.

तेव्हा ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे, त्यांनी जरूर लावावा. महिनाभर एखाद्या जाणत्या कातारीजवळ बसून शिकावे. डोळ्यांवर ढाल, नाकावर मास्क, हाताला धारदार हत्यार. दमा किंवा जुनी ॲलर्जी असेल तर सुरू करण्याआधी छाती तपासून घ्यावी. आणि चालू असलेली एकही गोळी छंदाच्या भरवशावर सोडू नये.

मास्तर आता दर महिन्याला नेमाने येतात. सरासरी पुन्हा सातवर आली आहे. मागच्या रविवारी ते स्वतः बंद बूट घालून माझ्या शेडमध्ये आले होते. बाभळीच्या तुकड्यावर हात धरून त्यांना पटाशी टेकवायला शिकवली. पहिला वाडगा तिरका झाला, तरी हौसेने घरी घेऊन गेले. बिबळ्याच्या त्या पेल्यात आता सुनेने पेन्सिली ठेवल्या आहेत.